डाउनटाउन प्रेस्बिटेरियन चर्च, नॅशव्हिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला येणारे मराठी पाहुणे रायमन ऑडिटोरियम हे जुनं संगीतगृह पाहून चालत निघाले की दोन बुरुजांची एक अजब इमारत दिसते आणि मग मला निरोप येतो, ‘ते इजिप्तचं देऊळ काय आहे?’ कोल्हापूर-मिरजेकडच्या ख्रिस्ती कुटुंबांचे प्रश्न निराळे असतात आणि इथे नव्याने राहायला आलेल्या हिंदू मित्रमैत्रिणींचे आणखी निराळे. तेच ते प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. मी या चर्चच्या मंडळीची, म्हणजे तिथल्या भाविक-समुदायाची, अधिकृत प्रवक्ती नाही. तिच्यावर जीव असलेली एक शेजारीण आहे.

१. हे चर्च नेमकं कुठे आहे? जुन्या पत्त्यावरचा रस्ता नकाशात सापडत नाही.

शहराच्या ऐन मध्यभागी, चर्च स्ट्रीट जिथे फिफ्थ अव्हेन्यू नॉर्थला मिळतो त्या कोपऱ्यावर. फिफ्थ अव्हेन्यूच्या या भागाला आता ‘रेप्रेझेंटेटिव्ह जॉन लुईस वे’ म्हणतात, त्यामुळे जुन्या पुस्तकातला पत्ता घेऊन शोधणाऱ्यांचा गोंधळ होतो. नाव बदलण्यामागे मोठं कारण आहे. फेब्रुवारी १९६० मध्ये याच रस्त्यावरच्या वूलवर्थ, क्रेस आणि मॅक्लेलन या दुकानांच्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या, खाण्याच्या काउंटरवर कृष्णवर्णीय विद्यार्थी शांतपणे जाऊन बसले. त्यांना वाढायला नकार मिळाला, मार बसला, अटक झाली, तरी ते येत राहिले आणि मे महिन्यात काउंटर सर्वांना खुले झाले. जॉन लुईस त्या विद्यार्थ्यांपैकी एक, पुढे ते खासदार झाले. चर्च पाहायला आलात तर वूलवर्थच्या इमारतीपर्यंतही चालत जा, दूर नाही.

२. प्रेस्बिटेरियन म्हणजे कोण? कॅथलिकांपेक्षा वेगळे कसे?

प्रॉटेस्टंटांमधला हा एक जुना प्रवाह. जिनिव्हातल्या जॉन कॅल्व्हिनची शिकवण जॉन नॉक्सने स्कॉटलंडमध्ये नेली आणि १५६० साली तिथल्या चर्चने ती स्वीकारली. स्कॉटिश आणि आयरिश स्थलांतरितांबरोबर ती अमेरिकेत आली. पोप नाही, बिशपही नाही. मंडळी आपल्यातून वडील (म्हणजे कारभार पाहणारे जाणते सभासद) निवडते आणि पाळक, म्हणजे धर्मगुरू, त्यांच्या सोबतीने, त्यांच्यातलाच एक म्हणून काम करतो. उपासनेचा गाभा म्हणजे पवित्र शास्त्राचं वाचन आणि त्यावरचं प्रवचन. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) असे दोनच संस्कार. निर्णय कसे होतात ते प्रश्न ११ मध्ये आहे.

३. ही मंडळी किती जुनी? आजची इमारत तिसरी आहे हे खरं का?

खरं आहे. मंडळी १८१४ ची, गिडियन ब्लॅकबर्न या पाळकाच्या काळात स्थापन झालेली. पहिलं चर्च १८१६ साली याच कोपऱ्यावर उभं राहिलं आणि १८३२ मध्ये जळालं. दुसरं बांधलं, तेही १८४८ मध्ये जळालं. १८४९ मध्ये तिसऱ्याचं काम सुरू झालं आणि १८५१ च्या ईस्टरला त्याचं समर्पण झालं. तेच आज उभं आहे. दोनदा राख झाली तरी जागा सोडली नाही, हे लक्षात ठेवा, प्रश्न ७ मध्ये ते पुन्हा येणार आहे.

त्या काळी गावातली मोठी सभागृहं म्हणजे चर्चच. त्यामुळे अमेरिकेचा राजकीय इतिहासही या कोपऱ्यावरून गेला. न्यू ऑर्लिन्सची लढाई जिंकणाऱ्या अँड्र्यू जॅक्सनला टेनेसी राज्याने मानाची तलवार दिली ती पहिल्या चर्चपाशी. जेम्स पोक १८३९ मध्ये राज्यपाल झाले, त्यांचा शपथविधी दुसऱ्या चर्चमध्ये झाला. दोघेही राष्ट्राध्यक्ष झाले.

४. ख्रिस्ती चर्च आणि इजिप्तच्या देवळासारखं? हे कोणाच्या डोक्यातून आलं?

विल्यम स्ट्रिकलंड यांच्या. फिलाडेल्फियाचे नावाजलेले वास्तुकार, टेनेसीचं विधानभवन बांधायला नॅशव्हिलला आले होते. ते काम चालू असतानाच हे चर्च त्यांनी आखलं. विधानभवनाला ग्रीक रूप दिलं, चर्चला इजिप्शियन. १८५४ मध्ये ते वारले आणि त्यांना त्या अपुऱ्या विधानभवनाच्याच भिंतीत पुरलं, ती जागा आजही दाखवतात.

इजिप्तची ओढ त्या पिढीला नेपोलियनच्या स्वारीनंतर लागली. सोबत गेलेल्या विद्वानांनी तिथल्या देवळांची जी मापं आणि चित्रं छापली ती युरोप-अमेरिकेतल्या वास्तुकारांनी झपाटल्यासारखी अभ्यासली. अमेरिकेत ही शैली बहुधा दफनभूमीच्या वेशी आणि तुरुंग यांच्या वाट्याला आली, कारण ती भारदस्त वाटते. प्रार्थनास्थळ म्हणून ती क्वचितच वापरली गेली आणि वापरली त्यातली फार थोडी उरली. म्हणून या इमारतीचं मोल मोठं आहे.

आतलं रंगकाम मात्र स्ट्रिकलंड यांच्या हयातीतलं नाही, ते १८८० च्या दशकातलं. लाल, निळे, हिरवे, पिवळे पट्टे अंगावर घेतलेले खांब, नक्षीच्या रंगीत काचा, छतावर आभाळ आणि ढग. समोरच्या भिंतीवर खांबांच्या रांगा अशा रंगवल्या आहेत की भिंतीपलीकडे आणखी एक दालन सुरू होतं असं वाटतं. मधल्या वाटेवर मागच्या बाजूला उभे राहा, मग ते दालन खोल खोल जाताना दिसेल. बाजूच्या बाकांकडे सरकलात की खोली हळूहळू विरते आणि सपाट भिंत उरते. लहान मुलांना हा खेळ दाखवला की ती उपासनेला परत यायचा हट्ट धरतात.

५. दारावर पंख असलेलं सूर्यबिंब आहे. प्रॉटेस्टंट मूर्ती मानत नाहीत, मग हे कसं चालतं?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा आला आहे आणि तो रास्त आहे. प्रेस्बिटेरियन परंपरा उपासनेत मूर्ती आणि चित्रांपासून कटाक्षाने दूर राहिली. तरी इथे ते बिंब आहे ते सजावट म्हणून. त्याच्यासमोर कोणी हात जोडत नाही की फुलं वाहत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या बायबल वाचणाऱ्यांसाठी इजिप्त परका नव्हताच. योसेफ, मोशे आणि निर्गमाची, म्हणजे इस्राएली लोक इजिप्त सोडून निघाले त्याची, सगळी कथा तिथली, बाळ येशूला घेऊन मरिया आणि योसेफ पळाले तेही तिथेच. बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकात ज्याच्या पंखांत आरोग्य आहे अशा सूर्याची प्रतिमा येते. ते बिंब पाहताना मला तीच आठवते.

६. यादवी युद्धात इमारतीचं काय झालं? गुलामगिरीबद्दल मंडळी कुठे उभी होती?

दोन्ही प्रश्न एकत्रच घ्यायला हवेत. अमेरिकेत गुलामगिरीवरून उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं लढत होती. फेब्रुवारी १८६२ मध्ये उत्तरेच्या सैन्याने नॅशव्हिल घेतलं आणि शहरातल्या मोठ्या इमारती जखमींसाठी ताब्यात घेतल्या. हे चर्च आठ नंबरचं लष्करी रुग्णालय झालं, दोनशेवर खाटांचं. मंडळीला उपासनेसाठी दुसरीकडे जावं लागलं.

गुलामगिरीबद्दल झाकून ठेवण्यासारखं काही नाही आणि झाकू नयेच. ही दक्षिणेतल्या धनिकांची मंडळी होती. १८६१ मध्ये दक्षिणेतल्या प्रेस्बिटेरियनांनी उत्तरेशी नातं तोडून आपली वेगळी संस्था काढली. ही फूट मिटायला १९८३ साल उजाडावं लागलं.

बुरुजातली घंटा ऐका म्हणजे तो इतिहास कानाने कळतो. ती १८६७ मध्ये अ‍ॅडेलिशिया अ‍ॅकलेन या सभासद बाईंनी दिली, वजन १,८०० किलोच्या आसपास. आगीच्या वेळी शहराला सावध करायलाही ती वाजवली जायची. अ‍ॅडेलिशियांचे पहिले पती आयझॅक फ्रँकलिन हे देशातल्या सर्वांत मोठ्या गुलाम-व्यापाऱ्यांपैकी एक. त्यांच्यामागे लुइझियानातले कापसाचे मळे आणि तिथे राबणारी शेकडो माणसं या बाईंच्या नावावर आली. युद्ध चालू असताना त्यांनी दोन्ही सैन्यांना वळवून आपला कापूस इंग्लंडला पाठवला आणि सुमारे ९,६०,००० डॉलर मिळवले. घंटा त्याच श्रीमंतीतली. ज्यांनी तो कापूस वेचला त्यांची नावं घंटेवर नाहीत. पाहुण्यांना घंटेची गोष्ट सांगताना मी हा भाग कधीच गाळत नाही, इतरांनीही गाळू नये.

७. ‘फर्स्ट प्रेस्बिटेरियन’ आणि ‘डाउनटाउन प्रेस्बिटेरियन’ एकच का? आम्ही चुकून दुसरीकडेच पोचलो.

चुकणं साहजिक आहे, कारण १९५५ पर्यंत ते एकच होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या सुस्थितीतल्या कुटुंबांनी शहराच्या मध्यातून उपनगरांकडे जायला सुरुवात केली आणि चर्चंही त्यांच्यामागे गेली. फर्स्ट प्रेस्बिटेरियनने दक्षिणेला ओक हिल भागात जायचं ठरवलं. प्रशस्त जागा, गाड्या लावायची सोय, मुलांसाठी शाळा. त्या निर्णयाला वाईट म्हणता येणार नाही, ती मंडळी आजही तिथे भरभराटीत आहे. पण काही सभासद हलायला तयार नव्हते. त्यांनी ही इमारत विकत घेतली आणि नवी मंडळी स्थापली. नाव ठेवलं ‘डाउनटाउन’.

माझ्या मते या मंडळीची सगळी मूल्यं त्या एका निर्णयातून निघतात. राहिलेले लोक संख्येने थोडे, हाताशी पैसा थोडा, आणि आजूबाजूचा भाग दिवसेंदिवस ओस पडणारा. मग शेजारी कोण उरले? कार्यालयात कामाला येणारे, दुकानदार, आणि रात्री जिथे जागा मिळेल तिथे निजणारे. ज्यांच्यासाठी राहिलो तेच हे शेजारी, असं मंडळीने मानलं. पुढचं सगळं काम तिथून सुरू झालं.

अर्थात त्याआधीही ही इमारत अडल्यानडल्यांना माहीत होती. १९३७ च्या महापुरात घरदार गेलेल्यांना इथे आसरा मिळाला, दुसऱ्या महायुद्धात सैनिक इथे झोपायला येत.

८. आज मंडळी नक्की काय काम करते? नुसती रविवारची उपासना?

रविवारची उपासना आहेच, पण शहराला हे चर्च अधिक ठाऊक आहे ते जेवणासाठी. बेघर आणि गरजू लोकांना इथे वर्षानुवर्षं गरम जेवण वाढलं जातं. नाव विचारतात ते हाक मारायला, नोंदीसाठी नाही. जेवणाआधी प्रवचन ऐकण्याची अट नाही. पंगतीत आपल्या पाठपिशवीवर पाय ठेवून जेवणारी माणसं दिसतात, कारण ती पिशवी म्हणजेच त्यांचं घर. मदतीला जाणाऱ्यांना मी एवढंच सांगते: वाढून झालं की त्यांच्या शेजारी बसा. उभं राहून बघत राहणं कोणालाच आवडत नाही.

दुसरं मोठं काम रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या वृत्तपत्राचं. ‘द कॉन्ट्रिब्यूटर’ २००७ मध्ये सुरू झालं आणि त्याला या चर्चने छत दिलं. बेघर किंवा नुकतेच घर मिळालेले विक्रेते अंक कमी भावात विकत घेतात, चौकात उभे राहून विकतात आणि फायदा स्वतःकडे ठेवतात. बरेच लेख आणि कविताही त्यांच्याच असतात. सिग्नलला गळ्यात ओळखपत्र घातलेला विक्रेता दिसला तर त्याला नुसते पैसे देऊन पुढे जाऊ नका. अंक घ्या. तो त्याचा धंदा आहे.

९. चर्चमध्ये चित्रकारांचे स्टुडिओ आहेत असं ऐकलं. खरं का?

खरं. मुख्य इमारतीला लागून १९१९ मध्ये बांधलेली शिक्षणाची इमारत आहे. सभासद घटले आणि वर्ग रिकामे पडले तेव्हा १९९० च्या दशकापासून तिथे कलावंतांना कामाला जागा द्यायला सुरुवात झाली. त्यांनी धार्मिक चित्रं काढावीत अशी अपेक्षा नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी डाउनटाउनमध्ये कलादालनांची फेरी असे, तेव्हा हे स्टुडिओही लोकांना पाहता येत.

१०. डिसेंबरमधलं ‘वॉफल शॉप’ म्हणजे काय? कोणीही जाऊ शकतं का?

कोणीही. १९२० च्या दशकात मंडळीतल्या स्त्रियांनी सुरू केलेलं हे एका दिवसाचं नाताळाआधीचं जेवण. वॉफल, हॅम, सॉसेज, आणि घरच्या पदार्थांची विक्री. आसपासच्या कार्यालयांतले लोक वर्षभर वाट पाहतात. जमलेला पैसा अन्नदानाच्या कामाला जातो. शाकाहारी असाल तर वॉफलवर भागेल, मात्र वाढण्याआधी विचारून घ्या.

११. निर्णय कोण घेतं? पाळक, की वरचं एखादं मुख्यालय?

मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून एक समिती होते, तिला सेशन म्हणतात. रोजचा कारभार तिचा. त्यावर मध्य टेनेसीची प्रेस्बिटरी, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील. त्यावर सिनड, म्हणजे अनेक प्रेस्बिटरींची मिळून सभा, आणि सगळ्यात वर राष्ट्रीय महासभा. प्रत्येक पातळीवर पाळक आणि वडील एकत्र बसतात आणि मतदान करतात. पाळकाला एकट्याला मोठा निर्णय घेता येत नाही. मंडळी पाळकाला निवडते, पण त्याला प्रेस्बिटरीची मान्यता लागते.

यातली एक मेख बहुतेकांना ठाऊक नसते. इमारत मंडळीच्या नावावर असली तरी ती संपूर्ण संप्रदायासाठी (प्रेस्बिटेरियन चर्च यूएसए) विश्वस्त म्हणून धारण केली आहे असं संप्रदायाचं संविधान सांगतं. उद्या मंडळी बाहेर पडायचं म्हणाली तर इमारत आपोआप तिच्यासोबत जात नाही.

१२. स्त्रिया पाळक होऊ शकतात का? समलिंगी व्यक्तींबद्दल भूमिका काय?

होऊ शकतात. उत्तरेकडच्या प्रेस्बिटेरियनांनी १९५६ मध्ये आणि दक्षिणेकडच्यांनी १९६० च्या दशकात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यायला सुरुवात केली. समलिंगी नात्यात असलेल्यांच्या दीक्षेतला अडथळा २०११ मध्ये दूर झाला आणि २०१५ मध्ये विवाहाची व्याख्या ‘दोन व्यक्तींमधला’ अशी झाली. विवाह लावायचा की नाही हे पाळकाच्या आणि सेशनच्या विवेकावर सोडलं आहे, सक्ती नाही. हे सगळं या एका संप्रदायापुरतं. टेनेसीत प्रेस्बिटेरियन नाव लावणारे आणखीही आहेत, जसं १८१० मध्ये नॅशव्हिलजवळच जन्मलेलं कम्बरलंड प्रेस्बिटेरियन चर्च किंवा १९७३ मध्ये वेगळी झालेली सनातनी वळणाची संस्था. पाटीवर ‘प्रेस्बिटेरियन’ एवढंच वाचून अंदाज बांधू नका.

१३. आमचे पणजोबा मिरजेच्या अमेरिकन मिशनचे. त्यांचा या चर्चशी संबंध होता का?

नातं आहे, पण थेट नाही. कोल्हापूरला रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले आणि १८७० पासून ते क्षेत्र अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. मिरजेचं रुग्णालय डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलं तेही त्याच मिशनचं. मात्र हे मिशन उत्तरेच्या प्रेस्बिटेरियनांचं होतं आणि नॅशव्हिलची मंडळी तेव्हा दक्षिणेच्या संस्थेत होती, जिचे मिशनरी प्रामुख्याने चीन, कोरिया, जपान, ब्राझील आणि काँगोत गेले. १९८३ मध्ये दोन्ही एक झाले, म्हणून आज तुमचे पणजोबा आणि हे चर्च एका घरातले म्हणता येतील.

मुंबईतलं लायन गेटजवळचं १८१९ चं सेंट अँड्र्यूज आणि जॉन विल्सन यांचं विल्सन कॉलेज हे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, म्हणजे आणखी वेगळी शाखा. अहमदनगरचं अमेरिकन मराठी मिशन तर प्रेस्बिटेरियन नव्हेच, ते काँग्रिगेशनल, म्हणजे प्रॉटेस्टंटांमधलाच दुसरा एक प्रवाह.

१४. आम्ही हिंदू आहोत. उपासनेच्या वेळी आत गेलो तर चालेल का? चपला काढायच्या?

निःसंकोच जा. चपला-बूट काढत नाहीत. टिकली, मंगळसूत्र, पंजाबी ड्रेस, कशालाच कोणी हरकत घेत नाही. सगळे गाण्यासाठी उभे राहिले की उभे राहा, गायलं नाहीत तरी चालतं. दानार्पणाची थाळी आली तर पुढे दिली की झालं, पाहुण्यांकडून अपेक्षा नसते. प्रभुभोजनाला भाकर आणि द्राक्षरस देतात, तो ख्रिस्तावरच्या विश्वासाचा संस्कार आहे. घ्यावंसं वाटलं नाही तर जागेवर शांत बसून राहण्यात काहीच गैर नाही. फोटो उपासना संपल्यावर, विचारून काढा.

१५. माझा बाप्तिस्मा कोल्हापूरला लहानपणी झाला. इथे सभासद व्हायला पुन्हा घ्यावा लागेल का?

नाही. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा हे लोक मानतात, मग तो कुठल्याही मंडळीत झालेला असो, आणि तान्हेपणी झालेला असला तरी. तो दुसऱ्यांदा देत नाहीत. आधीच्या मंडळीचं पत्र आणता आलं तर सोपं, नाहीतर सेशनसमोर आपला विश्वास पुन्हा व्यक्त करून सभासद होता येतं. दाखला हरवला असेल तर घाबरू नका, पाळकांशी बोला.

१६. राष्ट्रीय वारसा दर्जा आहे म्हणजे डागडुजीचा खर्च सरकार करतं ना?

नाही. १९९३ मध्ये इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तो सन्मान मोठा आहे, पण त्याबरोबर दरवर्षी पैसा येत नाही. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना गुंतलेला नसेल तर तो दर्जा एकटा खाजगी मालकाला बदल करण्यापासून अडवतही नाही. म्हणजे ते रंगवलेले खांब आणि छतावरचं आभाळ टिकवण्याचं ओझं या छोट्या मंडळीवरच आहे, आणि त्याच पैशांच्या पेटीतून जेवणही चालतं. छत आधी की स्वयंपाकघर, हा वाद इथे खराखुरा आहे. तुम्ही देणगी देणार असाल तर ती इमारतीसाठी की अन्नासाठी, ते लिहून द्या. न लिहिता दिलीत तर सेशन ठरवतं.